प्रोपेनवरची स्कूल बस: फायदा नेमका कुठे आहे?

मंडळी, अमेरिकेत पावणेपाच लाखांच्या आसपास पिवळ्या स्कूल बस धावतात. त्यातल्या बहुतेक डिझेलवर, आणि वीस हजारांहून जास्त प्रोपेनवर, म्हणजे आपल्या घरगुती सिलिंडरातल्या गॅसच्या एका घटकावर. प्रोपेन म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लिटरमागे किती वाचतात? तो विचारायचाच, पण थोड्या वेळाने. आधी बघायचं की ही बस दिवसभर करते काय.

सकाळी दीड-दोन तास, दुपारी साधारण तेवढेच. दर दोन-चार गल्ल्यांनी थांबा. तांबडे दिवे लावून उभं राहायचं, मुलं चढली की पुन्हा हळूहळू निघायचं. मधले तास बस डेपोत. हे चक्र डिझेलच्या सायलेन्सरला मानवत नाही. २००७ नंतरच्या अमेरिकी डिझेल इंजिनांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि २०१० पासून बहुतेकांना नायट्रोजन ऑक्साइडसाठी युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणाही. फिल्टरमधली काजळी जळायची तर धूर बराच वेळ चांगला तापलेला राहावा लागतो. महामार्गावरच्या ट्रकचा राहतो, स्कूल बसचा राहत नाही. मग इंजिन जादा डिझेल जाळून फिल्टर तापवू लागतं, म्हणजे रीजनरेशन. ते अर्ध्यावर असताना फेरी संपते आणि चालक किल्ली बंद करतो. असं वारंवार झालं की फिल्टर चोक होतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन ताकद कमी करतं आणि बस वर्कशॉपला जाते. युरियाचं द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, म्हणून थंड राज्यांत त्याच्या टाकीला आणि नळ्यांना हीटर लागतात. तेही कधीतरी बिघडतातच.

प्रोपेन बसमध्ये यातलं काहीच नाही. इंजिन स्पार्क प्लगचं, पेट्रोलच्या जातीचं. उदाहरणार्थ ब्लू बर्ड कंपनीच्या बसमध्ये फोर्डचं ७.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर राउश क्लीनटेक कंपनीची प्रोपेन यंत्रणा. धूर स्वच्छ करायला एक थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बस्स. एवढ्यावर ही इंजिनं नायट्रोजन ऑक्साइडचं दर अश्वशक्ती-तासामागे ०.०२ ग्रॅमचं ऐच्छिक मानक गाठतात. याच मोजमापात अमेरिकेची संघीय मर्यादा ०.२ होती. बदल्यात स्पार्क प्लग आणि कॉइल वेळेवर बदलावे लागतात, हा खर्च धरायला विसरू नका. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत मात्र फार बढाई मारू नये. प्रोपेनमध्ये ऊर्जेमागे कार्बन कमी, पण स्पार्क इंजिन डिझेलपेक्षा जास्त ऊर्जा खातं, त्यामुळे बराचसा फायदा तिथेच जिरतो.

आता दर. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल, प्रोपेनमध्ये साडेपंचवीस. स्पार्क इंजिनची जादा भूक तूर्त बाजूला ठेवून धरा, डिझेल बस लिटरला ३ किलोमीटर देते आणि प्रोपेनची २.१. वर्षाला २०,००० किलोमीटर म्हणजे डिझेल ६,६६७ लिटर, प्रोपेन ९,५२४ लिटर. याचा अर्थ, प्रोपेनचा दर डिझेलच्या सत्तर टक्क्यांहून खाली असेल तरच इंधनात पैसे सुटतात. तिथे पेट्रोलच्या गॅलनइतक्या ऊर्जेच्या प्रोपेनमागे ५० सेंटची कर-सवलत मिळायची, ती २०२४ अखेर संपली. जुन्या हिशेबांत ती धरलेली असते, म्हणून कागद वाचताना तारीख बघा.

टाकीकडे वळू. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरची पाणी मावण्याची क्षमता ३३.३ लिटर असते, म्हणजे द्रव गॅस साधारण ८० टक्केच भरलेला असतो. बसच्या टाकीलाही हीच मर्यादा. २० अंशांवरून ५० अंशांवर गेलं की द्रव प्रोपेन सुमारे ११ टक्के फुगतं, त्याला जागा हवी. ८० टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवणारा व्हॉल्व्ह टाकीतच असतो. फरक एवढाच की आपल्या सिलिंडरात ब्युटेनही असतं, ते शून्याच्या आसपासच उकळायचं थांबतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, म्हणून कडाक्याच्या थंडीतही बस रात्रभर हीटरला न जोडता सकाळी सुरू होते.

तक्रारी येतात त्या उन्हाळ्यात. टाकीतला दाब २० अंशांना सुमारे साडेसात बार, ४० अंशांना पावणेतेरा. तापलेल्या टाकीत गॅस भरणाऱ्या पंपाला ढकलायला दाबाचा फरकच उरत नाही आणि भरणं रेंगाळतं. भरण्याचा पंप निवडताना हे बघितलं नाही तर दोष बसच्या माथी जातो. दुसरं, गरम इंजिन बंद करून वीस मिनिटं ठेवलं की इंजेक्टरच्या नळीतलं द्रव उकळून वाफ होतं. किल्ली फिरवल्यावर टाकीतला पंप काही सेकंद ताजं द्रव फिरवून ती वाफ हाकलतो, मगच स्टार्टर फिरवायचा. घाई केली की बस लवकर सुरू होत नाही, आणि मेकॅनिक विनाकारण प्लग बदलत बसतो.

वर्कशॉपचे नियम वेगळे. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड, ती खाली पिटमध्ये साचते. म्हणून गळती ओळखणारा सेन्सर जमिनीलगत हवा, छताला नव्हे, छताचा सीएनजीसाठी. इंधनाची लाइन उघडण्याआधी टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. त्यानंतरही नळीत थोडा दाब राहतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच नट सैल करायचा. द्रव त्वचेवर उडालं तर थंडीने चामडी भाजते. जोडणी परत केल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, नुसत्या वासावर विसंबायचं नाही.

आणि इंजेक्टर वारंवार चिकटत असतील तर बस सोडून पुरवठ्याकडे बघा. भरण्याच्या जुन्या होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, तेलकट अंश सुटून इंधनात मिसळतात आणि इंजेक्टरवर बसतात. करारात इंधन एचडी-५ प्रतीचं, म्हणजे किमान ९० टक्के प्रोपेन आणि प्रोपिलीन ५ टक्क्यांपर्यंतच, असं लिहून घ्या, आणि होज कधी बदलायचा व तो कोणी बदलायचा, हेही त्याच कागदावर.