मांजरांच्या घरातला रोबो

(दृश्य : सांगली, विश्रामबाग. हॉलची फरशी, दारातून येणारं तिरपं ऊन.)

सकाळचं ऊन असं तिरपं आत आलं की फरशीवर काय पडलंय ते कळतं. भर दुपारी हीच फरशी लख्ख वाटते. या घरात माणसं चार आणि मांजरं तीन. भुरी आणि काळ्या हे दोघे गल्लीतूनच आत आलेले, तिसरा शेरू हा पर्शियन बोका. हॉलभर पडलेले लांब पांढरे केस त्याचे. सोफ्याखालचे राखाडी गोळे मात्र तिघांचे मिळून.

मांजराच्या अंगालगतचा केस फार बारीक असतो. झाडू जवळ गेला की तो आधी उडतो आणि झाडणारा पुढे सरकला की मागे येऊन बसतो. केस होतात म्हणून चांगलं वाढवलेलं पिल्लू पोत्यात घालून मंडईत सोडून येणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांनी हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघावा.

(दृश्य : रोबो चार्जिंगच्या डॉकवरून निघतो. कॅमेरा फरशीलगत.)

रोबो व्हॅक्यूम. व्यास साधारण 35 सेंटिमीटर, उंची दहाच्या आसपास. पुढच्या कडेला फिरतोय तो बाजूचा ब्रश. कोपऱ्यातला कचरा तो पोटाखाली ढकलतो. पोटात आडवा मोठा ब्रश आहे. तो कचरा वर उचलतो, मागचा पंखा ओढून घेतो आणि सगळं आतल्या छोट्या डब्यात जाऊन पडतं. डबा अर्ध्या लिटरच्या आतबाहेर. तीन मांजरांच्या घरात तो रोज रिकामा करायचा; भरायची वाट बघायची नाही, कारण केसांनी डब्याचं तोंड बुजलं की खालचा कचरा आत शिरतच नाही.

पाठीवर जो गोल बुरूज दिसतो, त्याच्या आत लेझर गरगर फिरतो. भिंत किती लांब, कपाटाचा पाय कुठे, दार कुठे, हे मोजत यंत्र घराचा नकाशा काढतं. सुरुवातीच्या यंत्रांना हे जमत नव्हतं. 2001 साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने ट्रायलोबाइट बाजारात आणला, 2002 साली अमेरिकेच्या आयरोबोटचा रूम्बा आला. तो रूम्बा भिंतीला आपटायचा, वळायचा, परत सुटायचा. एकाच जागेवरून चारदा जायचा आणि एखादा कोपरा तसाच सोडायचा. घरगुती यंत्रावर फिरता लेझर आला तो 2010 मध्ये, नीटोच्या एक्सव्ही-11 वर. तेव्हापासून रोबो सरळ पट्टे मारत झाडू लागले.

पण हा लेझर बघतो कुठे? स्वतःच्या उंचीवर. जमिनीपासून नऊ-दहा सेंटिमीटर वरच्या एका सपाट रेषेत जे येईल तेवढंच त्याला दिसतं. त्याखालचं सगळं त्याच्या लेखी नाहीच. झोपलेल्या काळ्याची शेपटी नाही, लोकरीचा धागा नाही, आणि मध्यरात्री शेरूने ओकून टाकलेला केसांचा गोळाही नाही. खालची वस्तू कळते ती पुढचा बंपर दाबला गेला तरच. मऊ, ओल्या गोष्टीने बंपर दाबला जात नाही. रोबो तिच्यावरून जातो, ती चाकांना आणि ब्रशला लागते, मग तो आपल्या शिस्तीत, सरळ पट्ट्यांत, ती घरभर सारवतो.

हा प्रसंग आमच्याकडे चित्रित नाही. बरंच आहे.

समोर कॅमेरा असलेले रोबो अशा गोष्टी ओळखून वळसा घालतात. 2021 मध्ये आयरोबोटने जे7 प्लस हे मॉडेल आणलं, ते पाळीव प्राण्याची शी टाळेल असं वचन देऊनच. या घरातला रोबो कॅमेऱ्याविना आहे. म्हणून इथे नियम एकच : माणूस एकदा घरभर फिरून येतो, मगच बटण दाबतो. पिल्लू अजून शी-शूसाठी मातीच्या ट्रेत जायला शिकत असेल किंवा एखाद्या मांजराचं पोट बिघडलं असेल, तर ठरल्या वेळी आपोआप सुरू होण्याची सोय ॲपमधून बंद ठेवायची. तरीही घोळ झालाच, तर यंत्र लगेच थांबवायचं. हातमोजे घालून डबा आणि ब्रश सुटे काढून धुवायचे, चाकं ओल्या फडक्याने पुसायची, फिल्टर फेकून द्यायचा. अख्खं यंत्र नळाखाली धरायचं नाही.

(दृश्य : बाल्कनीकडचा कोपरा. मातीचा ट्रे, खाली जाळीदार चटई.)

मांजराची माती. ही बेंटोनाइट म्हणजे गोळा धरणारी चिकणमाती. भुरी ट्रेमधून उडी मारते तेव्हा पंजाच्या बोटांत अडकलेले दाणे दोन-तीन पावलांवर गळतात; चटई त्यासाठी. चटईच्या बाहेर पडलेले कोरडे दाणे रोबो सहज उचलतो. ओला गोळा उचलला तर तो ब्रशच्या खाचेत बसतो आणि वाळून दगड होतो. म्हणून ॲपमधल्या नकाशावर ट्रेभोवती लाल चौकोन ओढलाय, प्रवेश बंद. त्या चौकोनातला केर हाताने, सुपलीने. पाण्याच्या वाडग्याभोवतीही तसाच चौकोन. नुसत्या धक्क्याने वाडगं कलंडलं आणि ते पाणी पंख्यापर्यंत गेलं, तर मोटरचा खर्च समोर उभा.

(दृश्य : रोबो सतरंजीवर उलटा. ब्रशची जाळी उघडली जाते. अगदी जवळून.)

आता खरं काम.

बुरुजावर भार येऊ नये म्हणून खाली जाड सतरंजी घडी करून घ्यायची आणि यंत्र तिच्यावर उलटं ठेवायचं. ब्रशवरच्या जाळीला दोन खिट्ट्या असतात. त्या दाबल्या की जाळी सुटते. ब्रश उचलून बाहेर. त्याचं एक टोक चौकोनी, ते मोटरकडचं. दुसऱ्या टोकाला छोटी टोपी आहे. बहुतेक जण ब्रशच्या अंगावरचे केस काढतात आणि ब्रश परत बसवतात. ही टोपी कुणी उघडत नाही.

(दृश्य : टोपी ओढली जाते. आत केसांची घट्ट चकती.)

बघा. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, दाबून दाबून नमद्यासारखी झालेली. हिची सुरुवात मांजराच्या केसाने होत नाही. मांजराचा केस माणसाच्या मानाने आखूड, तो एकटा कशालाच नीट गुंडाळला जात नाही. घरातल्या बाईमाणसाचा लांब केस आधी दोरीसारखा वेढे घालतो आणि त्या वेढ्यांत मांजराचे केस भरत जातात. चकती वाढली की ब्रश जड फिरतो, मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि यंत्र खोलीच्या मध्यावर थांबून ब्रश अडकल्याचं सांगतं. लोक जाळी उघडतात, वरवर ब्रश स्वच्छ दिसतो, आणि यंत्र खराब निघालं म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन लावतात.

चकती नखाने ओढायची नाही, टोपीची कड तुटते. शिंप्याकडे टाके उसवायचं छोटं हत्यार असतं, ते उत्तम. ब्रशच्या लांबीला धरून केसांखालून पातं सरकवायचं, उभी चीर द्यायची, वेढे आपोआप सुटतात. रबराच्या पात्यांना पातं लागू द्यायचं नाही. पूर्वीचे ब्रश केसाळ दात्यांचे असत. मांजरांच्या घरात नुसत्या रबराचा ब्रश बरा, गुंता निम्म्यावर येतो. हे काम इथे आठवड्यातून दोनदा होतं. शेरू ऊन तापायला लागल्यावर जास्त केस गाळतो, तेव्हा एक दिवसाआड.

बाजूचा ब्रश एका स्क्रूवर असतो, काही मॉडेलचा नुसता ओढला तरी निघतो. त्याच्या दांड्याभोवतीही हेच सापडेल. आणि पुढचं छोटं चाक. ते सरळ वर ओढायचं, खटकन निघतं. त्याच्या आसावर केस बसले की चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घासत जातं. घासण्याचा बारीक ओरखडा आधी विट्रिफाइड टाइल्सवर उमटतो. शहाबादी खडबडीत, तिथे तो दिसतही नाही.

(दृश्य : गच्ची. डब्यातून फिल्टर काढून आपटला जातो, राखाडी धूळ उडते.)

डबा घरात रिकामा करायचा नाही, गच्चीवर किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावून. मांजरामुळे शिंका येतात त्या केसामुळे नाहीत, तर फेल डी 1 नावाच्या प्रथिनामुळे. ते मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलकट ग्रंथींत तयार होतं, चाटताना केसांवर वाळतं आणि फार हलकं असल्याने हवेत तरंगत राहतं. तरंगणारं रोबोच्या हाती लागत नाही. ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं.

फिल्टर हळूच आपटायचा. दात घासायच्या ब्रशने खरडला तर कागदाला भोकं पडतात. धुता येतो असं लिहिलं असेल तरच धुवायचा, साध्या पाण्यात, साबण नको, आणि सावलीत पूर्ण 24 तास वाळवायचा. अर्धवट ओला बसवला तर कुबट वास येतो आणि ओढच राहत नाही. सांगलीकरांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ऊसतोड झाल्यावर शेतात पाचट पेटवतात, तेव्हा उडून येणारी काळी राख फिल्टरच्या घड्या फार लवकर बुजवते. दुसरी रांगोळी. ती दगडाची भुकटी. दिवाळीत दारातली रांगोळी पायाने आत येते आणि एका फेरीत फिल्टर पांढरा होतो. त्या दिवसांत हॉल झाडूनेच झाडावा.

(दृश्य : भुरी कपाटावर, खाली रोबो. काळ्या लांबून बघतोय.)

मांजराची रोबोशी ओळख करून देताना घाई नको. आधी काही दिवस यंत्र बंद अवस्थेत फरशीवर पडू द्यायचं. त्यावर मांजर गाल घासू लागलं की पहिला टप्पा झाला. मग दुसऱ्या खोलीत, दार लावून, सगळ्यात कमी ओढीवर चालवायचं. इकडे मांजरापुढे आवडीचा खाऊ. त्यानंतर दार उघडं. यंत्राचं बोलणं ॲपमधून बंद करायचं, काही मांजरं मोटरला घाबरत नाहीत पण यंत्रातून अचानक आलेल्या बाईच्या आवाजाने दिवाणाखाली जातात. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला अंगात आल्यासारखं पळतं, त्या वेळा टाळून सकाळी दहा-अकराला फेरी ठेवली तर तिघंही वर कुठेतरी झोपलेले असतात. डॉक त्यांच्या नेहमीच्या झोपायच्या जागेजवळ नसावा. वरच्या बटणावर पंजा पडून यंत्र भलत्या वेळी सुरू होतं, त्यासाठी लहान मुलांसाठी दिलेलं कुलूप (चाइल्ड लॉक) लावून ठेवायचं.

रोबोवर बसून फिरणाऱ्या मांजरांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. चार किलोचं मांजर बुरुजावर रेललं की लेझर झाकला जातो आणि चाकांच्या मोटरवर नको तो भार येतो. शेरूलाही मोह होतो. त्याला उतरवलं जातं.

लोकर, मांजा, राखीचा रेशीम गोंडा हे फरशीवर राहताच कामा नये. ब्रशला गुंडाळतं ही छोटी अडचण. मांजराने गिळलं तर आतडं आवळलं जातं आणि ऑपरेशनपर्यंत जातं.

(दृश्य : स्वयंपाकघराचा उंबरा, काळी कडप्पा पट्टी. रोबो कडेला थबकतो, मागे वळतो.)

ही पट्टी त्याला खड्डा वाटते. पोटाखालचे सेन्सर इन्फ्रारेड किरण खाली सोडतात आणि परत येतात का बघतात. जिन्याच्या कडेला ते परत येत नाहीत म्हणून यंत्र थांबतं. पॉलिश केलेला काळा कडप्पाही किरण गिळतो. सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवून हे फसवता येतं, पण घरात एकही पायरी उतरती नसेल तरच. नाहीतर रोबो जिन्यावरून खाली. उंबरा दोन सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर चढतच नाही, तिथे उचलून ठेवायचं.

डॉकच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर जागा मोकळी हवी. आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा. महावितरणची वीज गेली की डॉकमधून निघणारा खुणेचा किरण बंद होतो. यंत्र जवळ येतं, तोंड शोधत घुटमळतं आणि बॅटरी संपवून पलंगाखाली बसतं.

(दृश्य : पोछ्याची पाण्याची टाकी. शेजारी फिनाईलची बाटली. हात बाटली उचलून बाजूला ठेवतो.)

रोबो ओला पोछाही मारतो, त्याच्या या टाकीत फक्त साधं पाणी. फिनाईल नाही, टाकीतही नाही आणि बादलीतही नाही. फिनॉल वर्गातली रसायनं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, बसतं, पंजा चाटतं. फरशीवरचं सगळं अशा रीतीने पोटात जातं. पांढऱ्या फिनाईलमधलं पाइन तेलही चालत नाही. फरशीला वास येत नाही म्हणजे ती पुसली नाही, असं समजणारी ज्येष्ठ मंडळी घरोघर आहेत. त्यांना ही बाटली मांजराला विषारी आहे हे सरळ सांगावं. मातीच्या ट्रेकडे पोछा फिरवायचाच नाही, बेंटोनाइट पाण्याने फुगतं आणि चिखलाचे पट्टे उमटतात. केर-फरशीला येणाऱ्या मावशींचं काम आता फरशीपुरतं उरलंय, पगारही तेवढा कमी झालाय.

(दृश्य : टेबलावर सुटे भाग मांडलेले.)

फिल्टर दोन ते तीन महिन्यांनी बदलायचा, बाजूचा ब्रश तीन ते सहा, मोठा ब्रश सहा ते बारा. तीन मांजरांच्या घरात नेहमी कमीचा आकडा धरावा. मोठ्या ब्रशची टोपी वेगळी मिळत नसेल तर अख्खा ब्रशच घ्यावा लागतो. सुटे भाग मागवताना नुसतं कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. पोटावरच्या स्टिकरवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. एका अक्षराच्या फरकाने ब्रशची लांबी बदलते आणि चौकोनी टोक बसत नाही.