पाऊस घटला आणि माती वाहिली

मंडळी, आज मी ज्या गोदावरीबद्दल बोलणार आहे ती तुमच्या रामकुंडावरची नाही. ती नाशिकहून नदीच्या वाटेने चौदाशेहून अधिक किलोमीटर लांब, बंगालच्या उपसागरात, जवळजवळ सव्वा किलोमीटर खोल पाण्याखाली गाळ होऊन निजली आहे. २००६ साली ‘जॉइडेस रिझोल्युशन’ हे जहाज आपल्या किनाऱ्यांवर गॅस हायड्रेट, म्हणजे बर्फात कोंडलेला मिथेन, शोधत होतं. गोदावरीच्या मुखासमोर त्यांनी तळात नळी घातली आणि गाळाचा कोर, म्हणजे थरांचा उभा दंडगोल, वर काढला. इंधनाचं काय झालं ते राहू द्या. त्या चिखलात मागच्या सुमारे अकरा हजार वर्षांचे थर एकावर एक शाबूत होते.

आता चिखल तो चिखल. त्यातला कुठला कण त्र्यंबकचा आणि कुठला तेलंगणाचा, हे कसं कळणार? रस्त्यावरच्या गाडीची नंबरप्लेट बघून आपण म्हणतो ना, एमएच १५, नाशिकची दिसते! गाळाच्या कणालाही अशी प्लेट असते. तिचं नाव निओडिमियम, खडकांत असणारं एक मूलद्रव्य.

एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात, नावापुढचा आकडा ते वजन सांगतो. सॅमॅरियम नावाच्या मूलद्रव्यातलं सॅमॅरियम-१४७ अतिशय सावकाश क्षय पावून निओडिमियम-१४३ होतं. किती सावकाश? निम्मं व्हायला १०,६०० कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी आहे, म्हणजे या घड्याळाचा काटा अजून नीट हललेलाही नाही. पृथ्वीचं कवच तयार होताना सॅमॅरियमच्या मानाने निओडिमियम जास्त वर आलं. म्हणून कवचाचा जो खडक फार जुना, त्यात हे १४३ कमी साठलं. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, वयाने लहान, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आलाही कवचाखालच्या थरातून, प्रावरणातून. तेलंगणात गोदावरी ज्या खडकांवरून जाते त्यातले बरेचसे अडीचशे-तीनशे कोटी वर्षांचे. निओडिमियम-१४३ चं १४४ शी गुणोत्तर काढलं तर बेसॉल्टचं ०.५१२६ च्या आसपास येतं, त्या जुन्या खडकांचं ०.५१०८ च्या आसपास. फरक तिसऱ्या दशांशस्थळी आहे. हसू नका, अणूंची वजनं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला एवढा फरक म्हणजे डोंगर!

आणि गंमत अशी की खडकाचं विदारण झालं, त्याची माती झाली, ती नदीतून वाहत समुद्रात गेली, तरी हे गुणोत्तर जवळपास तसंच राहतं. स्ट्रॉन्शियम हे दुसरं मूलद्रव्यही असंच वापरतात, पण ते एवढं भरवशाचं नाही. ते विदारणात पाण्याबरोबर सुटून जातं, कणांच्या आकाराप्रमाणे आकडाही बदलतो. म्हणून ‘माती कुठली’ हे विचारायचं तर मी आधी निओडिमियमकडे जातो.

‘पाऊस किती’ हे विचारायला दुसरे साक्षीदार आहेत. फोरामिनिफेरा हे समुद्रातले एकपेशीय जीव, वाळूच्या कणाएवढे. त्यांच्या चुन्याच्या कवचातला ऑक्सिजन-१८ सांगतो की मुखाशी नदीचं गोडं पाणी किती येत होतं. त्याच कवचांतल्या कार्बन-१४ वरून थराचं वय ठरतं. आणि पानांवरचं मेण! ते हजारो वर्षं गाळात टिकतं. झाडझाडोऱ्याच्या मेणात कार्बन-१३ कमी असतो. ज्वारी, बाजरी, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं यांच्यात जास्त. मेण तपासलं की नदीच्या खोऱ्यात रान होतं की माळ, ते कळतं.

या कोरचे निष्कर्ष २०१२ आणि २०१७ मध्ये छापून आले. पाऊस आणि मेण यांची साक्ष अपेक्षेप्रमाणेच निघाली: अकरा हजार वर्षांतल्या पूर्वार्धात मान्सून जोरात होता, मग उतरत गेला, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरड्या माळाच्या वनस्पती वाढल्या. साधा हिशेब सांगतो की पाऊस कमी तर पाणी कमी, पाणी कमी तर गाळ कमी. गाळात नेमकं उलट सापडलं. मान्सून उतरला तशी समुद्रात येणारी माती वाढली, आणि तिची नंबरप्लेट दख्खनच्या बेसॉल्टकडे सरकत गेली. म्हणजे जास्तीची माती आपल्या पठारावरून, काळ्या रानातून येत होती. गाळातल्या सेंद्रिय कार्बनचं वयही वाढत गेलं. नुसता वरचा पालापाचोळा वाहत नव्हता, जमिनीतली जुनी, मुरलेली माती उकरली जात होती.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उघड्या रानावर वळवाचा एक तडाखा बसला की काय होतं, हे त्याने बांधावर उभं राहून पाहिलेलं असतं. मान्सून क्षीण झाला तरी पाऊस कोसळायचा तो कोसळतोच. फक्त जमिनीवर आच्छादन उरलेलं नसतं.

मग नांगर आला. प्रवरेकाठी जोर्वे, दायमाबाद, नेवासे इथली ताम्रपाषाणयुगीन गावं याच उतरत्या मान्सूनच्या काळातली. त्या शेतीने आणि पुढे लोहयुगात पसरलेल्या शेतीने धूप आणखी वाढवली, असं संशोधक म्हणतात. क्रम मला पटतो. पण निसर्गाने किती ओरबाडलं आणि माणसाने किती, याची टक्केवारी कोणी मला मागितली तर मी देणार नाही. निओडिमियम माती कुठली ते सांगतं, ती कोणी मोकळी केली ते सांगत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘आजचा गाळ तपासला तर काय दिसेल?’ चांगला प्रश्न आहे. १९७६ पासून पैठणला जायकवाडीची भिंत उभी आहे. नाशिक-नगरकडची बरीचशी काळी माती आता नाथसागरातच बसते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की लोक ट्रॅक्टर लावून तो गाळ काढतात आणि आपल्या शेतात पसरतात. समुद्रापर्यंत न पोचताच तो पुन्हा रानात येतो. ट्रॉलीचा नंबर कुठलाही असो, आतली माती पुष्कळदा एमएच १५ चीच असते.