दाशीपासून सुरुवात : जपानी जेवणाची ओळख

श्रोतेहो, जपानी जेवण म्हटले की आपल्याकडे पहिले नाव सुशीचे निघते. जपानी घरात मात्र सुशी रोज होत नाही. भात, एक सूप, तीन पदार्थ आणि लोणचे ही तिथल्या जेवणाची जुनी मांडणी असून तिला ‘इचिजू सान्साई’, म्हणजे ‘एक सूप, तीन पदार्थ’, असे म्हणतात. तिच्यातले सूप, शिजवलेल्या भाज्या, वाफवलेले अंडे यांच्या मुळाशी बहुधा एकच पाणी असते, ते म्हणजे दाशी. म्हणून मी आज दाशीपासून सुरुवात करतो.

दाशी हा फिकट सोनेरी, निथळ अर्क आहे. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या थंड समुद्रातले कोंबू नावाचे रुंद शैवाल वाळवून ठेवलेले असते. ते गार पाण्यात भिजवून मंद आचेवर तापवतात आणि उकळी फुटण्याआधी बाहेर काढतात, कारण ते उकळले तर पाण्याला बुळबुळीतपणा आणि उग्र वास येतो. मग कात्सुओबुशीची पाळी. ट्यूनाच्या कुळातला कात्सुओ मासा उकडून, धुरावर पुन्हापुन्हा वाळवून आणि उंची प्रकारात त्यावर मुद्दाम बुरशी चढवून लाकडासारखा कठीण करतात आणि सुताराच्या रंध्यासारख्या अवजारावर त्याचे पातळ पापुद्रे काढतात. हे पापुद्रे गरम पाण्यात टाकून थोड्याच वेळात गाळले की दाशी तयार होते. फोडणीवर वाढलेल्या आपल्या जिभेला तेल आणि मसाला यांच्यावाचून आलेली ही चव आधी फिकी वाटते. ती ओळखायला चार-सहा जेवणे जावी लागतात, आणि तेवढी सवड तिला जरूर द्यावी.

या चवीचा उलगडा टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये केला. कोंबूतील ग्लुटामिक आम्लाची ही चव गोड, आंबट, खारट आणि कडू यांहून वेगळी आहे हे दाखवून त्यांनी तिला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनिक आम्लाशी निगडित असाच घटक सापडला. हे दोन घटक एकत्र आले की चव कितीतरी पटींनी गडद होते. स्वयंपाकघराने ही जोडी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी जुळवली होती.

आता पदार्थांकडे वळू. दाशीत तोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, आणि वाकामे हे शैवाल घालून शेवटी मिसो विरघळवले की मिसोशिरू होते. मिसो हे सोयाबीन, मीठ आणि कोजी ही उपकारक बुरशी यांपासून आंबवलेले वाटण. ते घातल्यावर सूप उकळू देत नाहीत, नाहीतर सुगंध उडतो. फेटलेल्या अंड्यात दाशी मिसळून वाफवले की चवानमुशी होते. गव्हाच्या जाड उदोन शेवया आणि कुट्टूच्या पिठाच्या बारीक सोबा शेवया दाशीच्याच रश्शात येतात. ओसाकाकडे हा रस्सा फिकट, तर टोकियोकडे सोया सॉसने काळसर असतो. वर्षाच्या अखेरच्या रात्री सोबा खाण्याची प्रथा आजही पाळली जाते.

तेंपुराची, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळण्याची, पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून आली असे मानले जाते. त्या काळी त्यांची जहाजे गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात, त्यामुळे आपल्या किनाऱ्याचा या कथेशी थोडा संबंध आहेच. तळलेली कोळंबी किंवा भाजी ज्यात बुडवून खातात त्या पातळ सॉसमध्येही दाशीच असते.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. निव्वळ भाज्यांच्या दिसणाऱ्या पदार्थातही माशाचा अर्क असू शकतो, म्हणून दाशी कशाची आहे हे आधी विचारावे. बौद्ध मठांतल्या ‘शोजिन र्‍योरी’ या शाकाहारी परंपरेत कोंबू आणि वाळवलेले शिताके अळंबे यांची दाशी करतात, आणि तिची चव कोठेही उणी नसते.

पहिल्या दाशीनंतर उरलेला चोथा टाकून देत नाहीत. तोच पुन्हा उकळून दुसरी दाशी काढतात आणि ती भाज्या शिजवायला वापरतात. त्यानंतरही उरलेले कोंबू बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवतात. त्याला त्सुकुदानी म्हणतात, आणि ते गरम भाताबरोबर चिमूटभर घेतात.