फुंकेचा जोर आणि सॅम्पलचे थर

मित्रहो, ऑर्केस्ट्राच्या ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची सॅम्पल लायब्ररी (संगणकावर कळ दाबून वाजवायच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संच) निवडताना बहुतेक संगीतकार आधी तिचा भव्य, दणदणीत आवाज ऐकतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी ऐकावा. आधी पाहावे ते असे, की अगदी हलक्या फुंकेपासून पूर्ण जोराच्या फुंकेपर्यंत ही लायब्ररी एकच स्वर कसा चढवत नेते.

या आग्रहाचे कारण वाद्याच्या घडणीतच आहे. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा या चारही वाद्यांत वादकाचे ओठ कंप पावतात आणि नळीतली हवा त्या कंपनाला स्वराचे रूप देते. हलके फुंकले, तर खालचे थोडेच हार्मोनिक (मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर) ठळक राहतात आणि स्वर गोल, मऊ लागतो. जोर वाढवला की वरचे हार्मोनिक खालच्यांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात आणि तोच स्वर झळाळू लागतो. १९६० च्या दशकात संगीतकार आणि ध्वनिसंशोधक ज्यां-क्लोद रिसे यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रम्पेटच्या स्वरांचे संगणकाने पृथक्करण केले, तेव्हा त्यांना हेच वैशिष्ट्य या वाद्याची खरी ओळख वाटले. पुढे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॉम्बोनवरील प्रयोगांनी दाखवले, की फार जोरात फुंकल्यावर नळीतल्या लहरीचा अधिक दाबाचा भाग कमी दाबाच्या भागापेक्षा वेगाने पुढे सरकतो, लहर उभी होत जाते आणि अखेर तिची आघातलहर बनते. ट्रॉम्बोनची लांब, अरुंद, सरळ नळी याला पोषक असते. ट्यूबाची नळी रुंद होत जाणारी असल्यामुळे तिच्यात ही धार कमी येते. थोडक्यात, ब्रासमध्ये आवाजाची पातळी आणि आवाजाचा रंग वेगळे काढता येत नाहीत.

म्हणूनच पूर्ण जोराने वाजवलेल्या स्वराचे सॅम्पल घेऊन त्याचा व्हॉल्यूम खाली आणला, तर हळुवार स्वर मिळत नाही; ऐकू येतो तो दुसऱ्या खोलीत कोणी कडाडून वाजवत असल्यासारखा स्वर. हळुवार स्वर हवा असेल तर तो हळुवार वाजवूनच ध्वनिमुद्रित करावा लागतो, आणि मधल्या पायऱ्याही तशाच. या पायऱ्यांना आपण डायनॅमिक लेअर म्हणतो. कीबोर्डच्या सूचना संगणकाला देणाऱ्या मिडी पद्धतीत मॉड व्हीलच्या (इथे थर बदलायला फिरवायच्या चाकाच्या) ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या असतात. पण त्यांच्यामागे ध्वनिमुद्रणाचे थर तीन-चारच असतील, तर बाकीचे सारे काम दोन थर एकमेकांत मिसळून भागवावे लागते. सहा हॉर्नच्या समूहात ही मिसळण खपून जाते, कारण तिथे अनेक वादक मुळातच एकत्र वाजत असतात. एकट्या ट्रम्पेटमध्ये मात्र त्या क्षणी दोन वादक वाजत असल्याचा भास होतो, किंवा दोन लहरी एकमेकींना छेद देऊन स्वर पोकळ पडतो. यासाठी माझी साधी परीक्षा अशी: एकट्या वाद्याचा एक स्वर धरावा, मॉड व्हील आठ सेकंदांत तळापासून माथ्यापर्यंत सावकाश न्यावे आणि सांधा कुठे ऐकू येतो ते पाहावे. लायब्ररीचा कस इथे लागतो, दणदणीत कॉर्डमध्ये (एकत्र वाजवलेल्या अनेक स्वरांत) लागत नाही.

थर वाढवले की पसाराही वाढतो. हॉर्नचे ३६ स्वर, प्रत्येकाचे ४ थर आणि तोच स्वर लागोपाठ वाजला तर यांत्रिक वाटू नये म्हणून प्रत्येक थराच्या ४ आवृत्त्या घेतल्या, तर ५७६ ध्वनिमुद्रणे होतात. प्रत्येक ५ सेकंदांचे धरले तर ती ४८ मिनिटे भरतात, आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओमध्ये त्यांना सुमारे ८३० मेगाबाइट जागा लागते. हा हिशेब एका वादनप्रकाराचा आणि मायक्रोफोनच्या एकाच मांडणीचा आहे. म्यूट (आवाज दाबणारे बूच) लावलेले स्वर, तुटक स्वर, जवळचे आणि दूरचे मायक्रोफोन अजून बाकीच आहेत.

लेगाटोबद्दल, म्हणजे सलग जोडलेल्या स्वरांबद्दल बोलताना ट्रॉम्बोनचा उल्लेख करायलाच हवा, कारण तिथे फसगत सर्वाधिक होते. ट्रॉम्बोनची सरकनळी फुंक न तोडता ओढली की मींड येते, म्हणून वादक एरवी सलग ओळ वाजवताना जिभेचा अगदी हलका स्पर्श देऊन स्वर जोडतो. चांगल्या लायब्ररीत हे दोन्ही प्रकार वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले असतात. शिवाय सरकनळीच्या सात जागा असल्यामुळे एका दमाची अखंड मींड सहा अर्धस्वरांपलीकडे जात नाही. संगणकावर पिच बेंडने (स्वर वर-खाली ओढण्याच्या सोयीने) ती सप्तकभर ओढता येते, पण प्रत्यक्ष वादकापुढे तशी ओळ ठेवली तर त्याला ती वाजवता येणार नाही.

असाच घोटाळा कॉर्डचा. सहा हॉर्नचा एकत्रित आवाज निवडून तीन स्वरांची कॉर्ड दाबली, की अठरा हॉर्न वाजू लागतात आणि रचना फुगते. कॉर्डच्या तीन स्वरांसाठी तीन एकल हॉर्न किंवा दोन-दोन हॉर्नचे गट वापरावेत. आवाज लहान होईल, पण प्रत्येक स्वर स्पष्ट कळेल.

आणि दम. लूप केलेले, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारे सॅम्पल कळ सोडेपर्यंत वाजत राहते, माणसाचा श्वास मात्र संपतो, आणि जोराने वाजवताना, विशेषतः ट्यूबावर, तो फार लवकर संपतो. म्हणून मी प्रत्येक ओळ लिहिण्यापूर्वी ती तोंडाने म्हणून पाहतो, श्वास तुटतो तिथे स्वर सोडतो आणि पुढचा स्वर किंचित हलक्या फुंकेने सुरू करतो. कळ सोडताच रिलीज सॅम्पल वाजते, आणि वादक थांबल्यानंतर त्या दालनात उरलेली आस त्यात ऐकू येते.