कोटिंग वाळतं की आळतं?

नमस्कार मंडळी! हे दोन कागद बघा. दोन्ही आर्ट पेपर, अप्पा बळवंत चौकातून आणलेले. दोन्हींवर एकच निळा रंग छापून घेतलाय. हा एकसारखा आहे. हा जरा तिरका धरते... दिसलं? ढगाळ, डाग-डाग. आपण शाईला दोष देतो, पण अशा ढगांचं मूळ पुष्कळदा कोटिंगमध्ये असतं.

कोटिंग म्हणजे खडूची किंवा केओलिन मातीची बारीक पूड, ती धरून ठेवायला बाइंडर, म्हणजे लॅटेक्स किंवा स्टार्च, आणि पाणी. ते कागदावर चढलं की पाणी दोन वाटांनी जातं. वर हवेत आणि खाली कागदात. गिलावा करण्याआधी गवंडी भिंत भिजवतो ना? कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते, म्हणून. कागदही तसाच तहानलेला असतो. पाण्याबरोबर थोडा बाइंडरही सरकतो. तो कुठे जास्त, कुठे कमी सरकला, की शाईही तशीच कमीजास्त मुरते.

आता हिशेब करू. धरा, चौरस मीटरला १० ग्रॅम कोरडं कोटिंग हवंय आणि मिश्रणात ६५ टक्के घन भाग आहे. म्हणजे सोबत साधारण ५.४ ग्रॅम पाणी. समजा, घन भाग ७५ टक्के झाला की कण एकमेकांना अडतात, हलेनासे होतात. तेव्हा पाणी उरतं ३.३ ग्रॅम. गेलं किती? जेमतेम २ ग्रॅम! हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी थक्क झाले होते. निम्म्याहून जास्त पाणी आतच आहे, तरी कणांच्या जागा ठरून गेल्या. पिठलं आळतं तेव्हा ते कोरडं थोडंच होतं? तसंच.

कोटिंगमधलं पाणी खाली किती जातं, ते मोजायची एक पद्धत फिनलंडच्या ओबो अकादमीची. खाली वजन केलेला टीपकागद, त्यावर ५ मायक्रॉन छिद्रांचा पडदा, वर १० मिलिलिटर कोटिंग. हवेचा दाब द्यायचा आणि ठरलेल्या वेळेनं, समजा २ मिनिटांनी, टीपकागद पुन्हा तोलायचा. क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर, म्हणून वाढलेल्या वजनाला १२५० नं गुणायचं. ८० मिलिग्रॅम वाढले तर चौरस मीटरला १०० ग्रॅम.

दोन मिश्रणांची तुलना करायला हे उत्तमच. पण मिनिटाला १००० मीटर पळणाऱ्या मशीनवर कागद ५ मीटर अंतर ०.३ सेकंदात कापतो. तिथे कोटिंग नेमकं कधी आळलं, हे या आकड्यावरून कळत नाही. मला त्यासाठी चकाकी मोजणं जास्त पटतं. वर पाण्याचा सलग थर असेपर्यंत प्रकाश आरशासारखा परततो. पाणी कणांच्या फटींत उतरलं की चकाकी एकदम पडते.

हे घरीही दिसतं. दारात गेरू सारवलात की लगेच तिरकं बघा. चकाकी ज्या कोपऱ्यातून आधी जाते, तिथली जमीन बहुधा जास्त पाणी पितेय.