पोटाच्या गोळीचं नाव नको, त्रास सांगा

नमस्कार श्रोतेहो. मी कोल्हापुरातल्या एका मेडिकलमध्ये काउंटरला उभा असणारा फार्मासिस्ट, आणि आज पोटाच्या औषधांवर बोलणार आहे, कारण दुकानात सगळ्यात जास्त नाव घेऊन मागितली जातात ती हीच औषधं. पॅन-डीची एक पट्टी द्या, जुलाब बंद व्हायची गोळी द्या, गॅसची ती गुलाबी बाटली द्या. माझी तुम्हाला अगदी मनापासून विनंती आहे, गोळीचं नाव घेऊ नका, काय होतंय ते सांगा. जळजळतंय का पोट गच्च झालंय, उपाशीपोटी होतंय का जेवून आडवं झाल्यावर, किती दिवस झाले, दुसरी कुठली गोळी चालू आहे. एवढं सांगितलंत की निम्मं काम झालं.

पित्ताचंच घेऊया. आपल्याकडं पित्त खवळलं की लगेच मिसळीवर आणि तांबड्या रश्श्यावर खापर फुटतं, आणि तिखटानं काहींना त्रास होतो हे खरंच आहे. पण मला काउंटरवर त्याहून जास्त काय दिसतं माहितीये? रात्री अकराला जेवून लगेच झोपणं, तंबाखू, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक, या गोळ्या दुखणं कमी करतात खरं, पण जठराला आतून जे संरक्षण असतं ते पण कमी करतात, आणि मग माणूस सकाळी दुखण्याची गोळी घेतो, संध्याकाळी पित्ताची घेतो, आणि त्या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

आता औषधं. पातळ औषध किंवा चघळायची गोळी असते ना, अँटासिड, ती जठरात आधीच तयार झालेलं आम्ल मारते. लगेच बरं वाटतं पण तासा-दोन तासात परत पहिले पाढे. आणि ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या वेगळ्या, त्या आम्ल तयार करणारे पंपच बंद करतात. म्हणजे अँटासिड हे फरशीवर सांडलेलं पाणी पुसणं झालं आणि पँटोप्राझोल म्हणजे मोटर बंद करणं. पण हे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात आणि चालू असलेलाच पंप ही गोळी धरते, म्हणून ती सकाळी नाष्ट्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. बरेचजण भरपेट जेवून वर गोळी टाकतात आणि मग म्हणतात फरकच पडत नाही हो. आणि पहिल्याच दिवशी पूर्ण आराम मिळेल असंही नाही, पूर्ण परिणाम यायला दोन-तीन दिवस जातात.

आणि पॅन-डी म्हणजे एक औषध नाही, दोन आहेत. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि सोबत डॉमपेरिडोन ३० मिलिग्रॅम, हे दुसरं मळमळ-उलटीचं औषध. ज्याला मळमळच नाही, नुसती जळजळ आहे, त्याच्या पोटात हे कशाला जायचं? डॉमपेरिडोनमुळं काही लोकांच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच सांगितलं की हे कमी डोसमध्ये, जास्तीत जास्त आठवडाभर द्यावं. आणि आपल्याकडं लोक वर्ष-वर्ष रोज सकाळी चहाच्या आधी ती कॅप्सूल घेतायत, हार्टचे पेशंटसुद्धा. याची मला खरंच काळजी वाटते.

नुसतं पँटोप्राझोल पण वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होऊन मोडायचा धोका वाढू शकतो. पण म्हणून माझं बोलणं ऐकून उद्यापासून एकदम बंद पण करू नका. बरेच दिवस घेऊन अचानक सोडली की आम्ल उलट जास्त जोरानं तयार होतं, आणि माणसाला वाटतं बघा, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. काहींना ती कायम लागते सुद्धा, उदाहरणार्थ हार्टसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात त्यांना डॉक्टर पोट सांभाळायला मुद्दाम देतात, त्यांनी तर परस्पर बंद करूच नये.

अल्सरचं एक सांगतो. पूर्वी समजूत होती की टेन्शन आणि तिखट यानंच अल्सर होतो. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणाले की हे जंतूचं काम आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या. कुणी ऐकेना, तेव्हा मार्शल १९८४ मध्ये ते जंतू स्वतःच प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू तपासणीत सापडला तर पित्ताच्या गोळीबरोबर अँटिबायोटिक्सचा साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो, आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो मधेच सोडायचा नाही, कारण उरलेला जंतू मग त्या औषधाला दाद देत नाही.

आता जुलाब. पावसाळ्यात पंचगंगा चढली, नळाला गढूळ पाणी आलं की आमच्याकडं ही गर्दी सुरू होते. लोक मागतात लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी. ती आतड्याची हालचाल मंद करते, बाकी काही नाही. ताप असेल, शौचाला रक्त पडत असेल तर ती घ्यायची नाही, आणि लहान मुलांना तर आपल्या मनानं अजिबात द्यायची नाही. जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळं. त्याला औषध ओआरएस.

ओआरएसचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं, ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. मी बघतो, आई पेल्यात अंदाजानं थोडी पावडर टाकते, पाकिटाला पीळ देऊन डब्यात ठेवते. असं नाही करायचं ताई. घट्ट झालं तर जुलाब वाढतात, पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोबत सोडियमला घेऊन जातं आणि त्यांच्या मागून पाणी जातं, म्हणून ते प्रमाण महत्त्वाचं. पाणी उकळून गार केलेलं घ्या, लिटरची बाटली मोजून भरा, अख्खं पाकीट टाका, चमच्या-चमच्यानं पाजत राहा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पेल्यापुरतंच हवं असेल तर २०० मिलीचं छोटं पाकीट मिळतं, ते मागा.

१९७१ ला बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हातानं रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एवढं मोठं औषध आज काही रुपयांत मिळतं, आणि लोक त्याऐवजी ज्यूससारखं गोड टेट्रापॅक नेतात! ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांवर ओआरएस हा शब्द लिहायला बंदी घातली. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघून घ्या. लहान मुलांना डॉक्टर सोबत झिंकही देतात, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं.

बद्धकोष्ठाला इसबगोल चांगलं, पण भिजवून ठेवू नका, फुगायच्या आत लगेच प्या आणि वर अजून एक तांब्या पाणी. पाणी कमी पडलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं.

शेवटी एक, ज्यासाठी मी कुणालाच गोळी देत नाही. शौच डांबरासारखं काळं झालंय आणि लोहाच्या गोळ्या चालू नाहीत, उलटीत रक्त आहे, गिळताना अडकतंय, वजन विनाकारण उतरतंय, तर थेट डॉक्टर. आणि छाती भरून आलीये, दरदरून घाम फुटलाय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातीये, तेव्हा घरात कुणी पित्तच असेल, सोडा घे म्हणालं तरी ऐकू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर कुणाला तरी सोबत घेऊन आपलं कोल्हापुरातलं सीपीआर सरकारी रुग्णालय किंवा जवळचं जे हॉस्पिटल असेल ते गाठा, आणि आधी ईसीजी काढायला सांगा.

नमस्कार.