सुकतीच्या वेळेची शाळा

(फेरीबोटीच्या इंजिनाची घरघर. गोव्यातल्या मांडवी नदीकाठचा रायबंदरचा धक्का मागे पडतो आहे.)

चौथीचा वर्ग. दप्तरं शाळेतच ठेवलेली, पायांत जुन्या चपला. निघायची वेळ शाळेच्या घंटेने ठरलेली नाही. आज दहाला सुकती, म्हणजे ओहोटी आहे, म्हणून दहा. उद्या हीच सुकती जवळपास पन्नास मिनिटं उशिरा येईल.

फेरीवर टीचर एकच प्रश्न विचारतात, "काल जेवणाला काय होतं?" उत्तरं धडाधड येतात. तिसऱ्या, काळुंदरं, शेवटे, एकाकडे तर चोणक! नदीची अर्धी हजेरी इथेच लागते.

(चोडण बेट. खारफुटीतली वाट.)

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. नाव पक्ष्यांचं असलं तरी मुलांच्या माना खालीच.

"टीचर, हें नुस्तें चलता!"

नुस्तें म्हणजे मासा, आणि ही निवटी. पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकते. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. वर्गात हिचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. ताटात येत नाही, मग नाव तरी कसं कळणार? रायगडकडची मुलं असती, तर निवटीच्या कालवणाची आठवण काढली असती.

शेजारी एक खेकडा मोठी नांगी हलवून कुणाला तरी बोलावतोय. तो नर, मादीच्या दोन्ही नांग्या लहानच. चिखल चाळून त्यातलं खाणं वेचायचं आणि उरल्याच्या गोळ्या करून ठेवायच्या, हा त्यांचा उद्योग. एक मुलगी त्या गोळ्या मोजायला बसते. बसू दे.

खारफुटीतल्या कांदळाची शेंग झाडावर असतानाच रुजते आणि भाल्यासारखी खाली पडते. हे सांगून झालं, तोवर दोघांनी अशा शेंगा चिखलात रोवूनही टाकल्या!

(बांधावरची विष्ठा. जवळून.)

नाक मुरडायचं कारण नाही. यात माशांचे खवले आहेत, खेकड्याच्या कवचाचे तुकडे आहेत. पाणमांजर पहाटे इथून गेलेलं दिसतं. आज ते स्वतः दिसणार नाही, आणि टीचर तसं सांगूनही टाकतात. मला हे आवडलं.

मगरीचा विषय मुलंच काढतात. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात, खाऱ्या पाण्यात, मगरी राहतात. बोरी-दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, चिखलाची मगर घडवून पुजतात. ही मानगे थापणी. आजोळ तिकडे असलेला एक मुलगा अचानक वर्गाचा गुरू होतो. डोळ्यांना शिंपले लावायचे, पाठीवर खवले उठवायचे, सगळं हातवारे करून सांगतो. बांध फुटला तर शेतात खारं पाणी शिरतं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मगर तिथली शेजारीण. तिला घाबरायचं आणि मानही द्यायचा.

(पाणी चढू लागलं आहे.)

निवट्या वर सरकल्या. खेकडे बिळांत गेले. गोळ्या मोजणारी मुलगी एकशे बाराव्यावर थांबली. पुढच्या गोळ्या भरतीच्या पाण्यात विरघळल्या. एक चप्पल चिखलातच राहिली.

फेरीत टीचर पुढच्या खेपेचा दिवस ठरवतात. साधारण पंधरा दिवसांनी सुकती पुन्हा दहाच्या सुमारास येईल. त्या दिवशी गणिताचा तास आहे. वहीत त्यावर काट मारली जाते.